पाण्यात नापास

इंजिनिअरिंगला माझा एकच विषय राहिला होता, फ्लुइड मेकॅनिक्स, म्हणजे वाहत्या पाण्याबिण्याचं शास्त्र, आणि तोही दुसऱ्यांदा. नांदेडच्या हॉस्टेलात त्याचं कुणाला काही वाटलं नाही. अर्धापूरजवळच्या आमच्या गावी मात्र आईनं ते फार मनाला लावून घेतलं. तिच्या लेखी मी पाण्यात नापास झाले होते. जन्मभर केळीला पाणी देणाऱ्या बाईची लेक!

"गणितात झाली असतीस तं चाललं असतं बाई," ती म्हणायची.

आता शेवटची संधी होती. सोमवारी तोंडी परीक्षा, तीत गचकले तर वर्ष वाया. रविवारी मी बांधावर बसून घोकत होते. पुस्तकातल्या चित्रात गोल खांबाच्या दोन्ही बाजूंनी प्रवाहरेषा जात होत्या आणि मागं पुन्हा शहाण्या मुलींसारख्या जुळत होत्या. शेजारी आई दारं धरत होती, म्हणजे खोऱ्यानं माती ओढून एका सरीचं पाणी दुसरीत वळवत होती. तिनं वाकून चित्र पाहिलं.

"हे काय हाय?"

"वाहतं पाणी. मधी खांब."

"मंग खांबामागं भवरा कुठं हाय?"

मी वैतागले. तिनं पाटात एक धोंडा ठेवला आणि वरून मूठभर भुसा सोडला. थोडा भुसा धोंड्याच्या तोंडाशीच थबकला. बाकीचा दोन्हीकडून सरळ गेला आणि धोंड्यामागं येऊन गरगर फिरू लागला.

"बघ. लबाड हाय तुझं पुस्तक."

पुस्तक लबाड नव्हतं. चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: आदर्श प्रवाह, घर्षण नाही असं धरून. ती ओळ मी कधी वाचलीच नव्हती. लाजही वाटली आणि हसूही आलं.

सोमवारी परीक्षकांनी नेमकं तेच चित्र पुढं सरकवलं. "यात खरं काय नाही?"

"खांबामागं भवरा न्हाई, सर," मी बोलून गेले. मग जीभ चावून घर्षणाचं सगळं नीट सांगितलं.

"कुठं वाचलंस?"

"वाचलं नाही सर. केळीत पाहिलं."

निकाल लागला तसा मी आईला फोन लावला. "आई, पाण्यात पास झाले!"

ती पाटावरच होती, पाण्याचा आवाज येत होता. ती हळूच म्हणाली, "मंग मी बी पास झाले का गं?"

"झालीस की!"

"बरं, ठेव आता," ती म्हणाली. "तिकडं सरीचं दार फुटलंय."