इक्बालभाईचे पॉइंट

गेल्या गुरुवारी दुकान दुपारीच बंद केलं आणि जुन्नरला गेलो. काम पाच मिनिटांचं होतं, पण त्यासाठी निघायलाच मला पंधरा दिवस लागले...

आमची नारायणगावची बास्केटबॉल टीम आहे. हो, आमच्याकडेही बास्केटबॉल खेळतात, हसू नका. आजूबाजूच्या सहा गावांची मिळून लीग आहे आणि मी आमच्या टीमचा मॅनेजर. म्हणजे पाण्याचे जार, टी-शर्टचे साइझ आणि सगळ्यांच्या शिव्या, हे माझं खातं.

पैसेवाल्या गावाने सगळे भारी खेळाडू पळवू नयेत म्हणून लीगने एक नियम केलाय. प्रत्येक टीमला सीझनचे शंभर पॉइंट, त्यात दहा खेळाडू बसवायचे. कोणाला किती ते टीमने आणि खेळाडूने आपसात ठरवायचं. या पॉइंटचे पैसे मिळत नाहीत, पण ग्राउंडच्या फलकावर नावापुढे आकडा लागतो आणि तो अख्खं गाव वाचतं.

यंदा निरगुडसरचा एक गडी आमच्याकडे यायला तयार झाला. सहा फूट चार इंच, चाकणला नोकरीला. त्याला घ्यायचं तर पॉइंट मोकळे करायला हवेत, आणि मोकळे करण्याइतके पॉइंट एकाच माणसाकडे होते... इक्बालभाईकडे.

इक्बालभाई बारा वर्षं आमच्या टीममध्ये. जुन्नरला त्याचं गेट-ग्रिलचं वर्कशॉप आहे, माझ्या दुकानाचं शटरसुद्धा त्यानेच बसवलेलं. चाळिशी आली, गुडघ्याला पट्टा आला, तरी त्याच्यासारखा पास आजही कोणी देत नाही.

टीमचं म्हणणं एकच, इक्बालभाईला कमी पॉइंटवर विचारा, नाहीतर सोडा. आता मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? अर्थात मॅनेजर.

मी रोज फोन लावायचो आणि रिंग व्हायच्या आत कट करायचो. एकदा आळेफाट्यावर तो समोरून येताना दिसला, तर मी चक्क रसवंतीत शिरलो... मला उसाचा रस आवडतही नाही. पण रविवारी यादी द्यायची होती, त्यामुळे गुरुवारी जावंच लागलं.

मी पोहोचलो तेव्हा तो एका गेटचं वेल्डिंग करत होता. मला स्टूल दिलं, चहा सांगितला. दोन कामगार होते, गेटवालं गिऱ्हाईक होतं... मी टोमॅटोच्या भावावर बोललो, त्याच्या गुडघ्यावर बोललो, नारायणगावच्या ट्रॅफिकवर बोललो. मुद्द्याचं काही तोंडातून निघेना.

शेवटी तोच म्हणाला, "पंधरा दिवस झालं, तू मला टाळतोस. रसवंतीत घुसलास ते पण दिसलं व्हतं मला."

त्याने हात पुसले, माझ्यासमोर स्टूल ओढलं आणि खांद्यावरचा पंचा काढला. "हात आण. तोंडानं जड जातंय ना, मग बोटानं सांग."

इक्बालभाईचे वडील बैलांचे व्यापारी होते. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर कापड टाकतात आणि आत बोटं धरून आकडा सांगतात. सौदा जमला तर ठीक, नाही जमला तर तो आकडा तिथेच राहतो, पुढे कोणी बोलत नाही.

मी पंच्याखाली त्याची बोटं धरली आणि आमचा आकडा सांगितला. त्याचा चेहरा जराही हलला नाही. मग त्याने माझी बोटं धरून त्याचा आकडा सांगितला. मी परत आमचाच. तो थोडा खाली आला... मी वर येऊ शकत नव्हतो, शंभराचं गणित बसत नव्हतं.

तिसऱ्यांदा त्याने माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. मग पंचा उचलून खांद्यावर टाकला.

"न्हाई जमलं, राव," तो शांतपणे म्हणाला. "मी अजून दोन सीझन खेळणार. आळ्याच्या टीमचा फोन आलाय, तिकडं जातो." मग चहाचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "घे, गार व्हतोय. आन् त्या निरगुडसरच्या गड्याला डाव्या हातानं खेळाया शिकव, नायतर मीच अडवीन त्याला."

परत येताना मला हलकं वाटत होतं. वाटलं, बरं झालं, आपण किती कमी सांगितलं ते कोणाला कळणार नाही, इक्बालभाईचा मान राहिला.

संध्याकाळी ग्रुपवर सगळे विचारायला लागले, किती म्हणालात, किती म्हणालात... मी फक्त 'नाही जमलं' एवढंच लिहिलं. तेव्हा आमच्या कॅप्टनने थेट इक्बालभाईलाच फोन लावला. नंतर मला म्हणाला, "आकडा नाय सांगितला त्यांनी. म्हणाले, मॅनेजरनं मान राखून भाव केला व्हता, मलाच परवडला नाय."

मान राखून... मी सांगितलेला आकडा त्याच्या गेल्या वर्षीच्या निम्माही नव्हता. बारा वर्षांच्या खेळाडूला मी असा भाव केला होता, आणि तो माणूस माझी लाज झाकत बसला होता.

तो आकडा मी इथेही लिहीत नाही. इक्बालभाई, ही पोस्ट तू वाचशीलच. आळ्याच्या फलकावर तुझ्या नावापुढे जो आकडा लागलाय तो योग्य आहे, आणि तू आमच्यात नाहीस याचं मला लई वाईट वाटतंय.