टाकी पाहणारा माणूस

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये मी काचेची टाकी आणली, ती केवळ साहेबांकडे होती म्हणून. माझे वडील दिघोरीच्या तलावात मासे धरतात, हे मी ऑफिसात कधी बोललो नव्हतो. 'लाखांदूरकडे आमची शेती आहे,' एवढंच सांगायचो. काचेतला मासा हौसेचा, जाळ्यातला लाजेचा, असं माझं साधं गणित होतं.

टाकीसाठी नागपूरहून ब्लॅक घोस्ट नावाचा मासा आणला. सुरीच्या पात्यासारखा चपटा, काळा, बिनखवल्यांचा. पोटाखालची लांब झालर हलवत तो पुढे जातो तसाच मागेही. शेपटीतून वीज सोडतो, असं दुकानदार म्हणाला आणि मी ते ऑफिसभर केलं. लोक चहाला येत, पाण्यात बोट बुडवत आणि काहीच झालं नाही म्हणून माझ्याकडे बघत. मासा दिवसभर टाकीतल्या नळीत शिरून बसलेला. चारचौघांत दाखवायला आणलेल्या माशाला दिसायचीच इच्छा नव्हती. सुकं खाद्य तर तो तोंडालाही लावेना.

तो वाळत चालला तेव्हा मला वडील आठवले. एरवी सणासुदीला आठवायचे. ते एसटीनं आले, पिशवीत शेताच्या धुऱ्यावरची ओली माती आणि तिच्यात गांडुळं घेऊन. पडदे ओढायला लावले, बाही वर केली आणि हात पाण्यात नुसता ठेवून दिला. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी मासा उलटा, शेपटीकडून बाहेर आला, त्यांच्या बोटांभोवती फिरला आणि गांडूळ घेऊन गेला.

"डोळे नावालेच हायेत याचे," वडील म्हणाले. "हा अंगानं पाहते."

पुढे पुस्तकात वाचलं, तेही हेच सांगत होतं. वीज इतकी क्षीण की कुणाला झटका बसत नाही. तिच्या आड काय आलं, त्यावरून तो गढूळ पाण्यात वाट काढतो.

मासा बाहेर आला त्याच संध्याकाळी साहेब आले. मासा वडिलांच्या तळहातावर आडवा पडला होता.

"अरे वा! हे कोण?"

"टाकी पाहतात," मी म्हणालो. "येतात अधूनमधून."

वडिलांचा हात पाण्यात हलला नाही.

"काय बाबा, आमची पण टाकी बघाल का?" साहेबांना 'बाबा' म्हणायला काहीच जड गेलं नाही.

"मले कायले इचारता जी? मालकाले इचारा."

साहेब हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "जातील ना."

सकाळी वडील साहेबांकडे गेले. साहेबांची टाकी धुतली, पाणी बदललं, कोपरापर्यंत ओले परत आले. पिशवी झटकली, उरलेली गांडुळं मला दिली. "आता तूच चार याले."

मी हात घातला की मासा नळीत शिरायचा. पडदे ओढून पाहिले, बाही वर करून पाहिलं. गावी फोन केला, या म्हणालो.

"काहून? माणूस ठेव ना एखादा," वडील म्हणाले. क्वार्टरला ते पुन्हा कधी आले नाहीत.

महिनाभरानं साहेबांनी विचारलं, "तुमचा तो माणूस कुठंय? टाकी हिरवी पडलीय."

साहेब चांगले होते. खरं सांगितलं असतं तर त्यांनी वडिलांना घरी जेवायला बोलावलं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

"काम सोडलं त्यानं," मी म्हणालो. मागच्या वेळी निदान 'येतात' तरी म्हणालो होतो.