आमच्या न्हाव्याचा लाडका गोलरक्षक

आइस हॉकीतला सर्वांत थोर गोलरक्षक कोण, या वादात आमच्या न्हाव्याने गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीनिशी हाकललं, अशी गल्लीत बोंब आहे. साफ खोटं! मी शेजारच्याच खुर्चीत होतो. दाढी पूर्ण झाली, जरा उशिरा एवढंच.

सगळे बड्या खेळाडूंची नावं घेत होते, तेवढ्यात न्हावी म्हणाला, "आमची ही!"

गल्ल्यावर बसलेली बायको लाजली. पूर्वी एका लॉन्ड्रीच्या आइस हॉकी संघात ती गोल राखायची. आता गुडघा धरून बसते.

गिऱ्हाईक खो खो हसलं. "वहिनींना ओळखतं कोण?"

तिचा चेहरा पडला. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला.

"मी ओळखतो. समोरच्या संघात होतो, साहेब. हिने मला एकही गोल करू दिला नाही. शेवटी लग्न करून हिच्या बाजूला आलो!"