लंकाबाई आणि न थांबणारी सायकल

लंकाबाई जन्मात कधी सायकल चालवायला शिकली नाही, पण सायकलीबरोबर ती जितकी धावली तितकी माणसं सायकलीवरही फिरत नसतील. एका हातात चहाची पितळी, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा, पदर कमरेला खोचलेला, आणि पुढे नवरा गोल गोल फिरतोय. तिचा संसार हा असा पळता पळता झाला.

नवरा केरू. मूळचा नांदगावकडचा. अखंड सायकल चालवण्याचे खेळ करायचा. नव्वदच्या दशकात नाशिकच्या आसपास असे खेळ अजून लागत. मैदानात फक्कीने गोल आखायचा, मधोमध बांबू रोवायचा, कर्णा बांधायचा आणि आठवडाभर पाय जमिनीला न लावता फिरत राहायचं. केरू सायकलवरच दाढी करी, सायकलवरच आंघोळ करी, सदरा बदली, आणि बायकांच्या बाजूने जाताना मुद्दाम हात सोडून केसांवरून कंगवा फिरवी. पोरंटोरं शिट्ट्या मारत. रात्री गर्दी पांगली की बांबूला मिठी मारून सायकलवरच डुलकी काढी. लोक समोर असताना मात्र बांबूला बोटही लावायचं नाही, हा त्याचा स्वतःचा कायदा.

त्याची सायकलही तशीच हट्टी. साध्या सायकलीला पाय थांबवले तरी चाक धावत राहतं, कारण मागे फ्रीव्हील असतं. केरूने ते वेल्डिंग करून पक्कं करून टाकलं होतं. त्यामुळे सायकल उलटी चाले, जागच्या जागी उभी राही. पण चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत. त्या सायकलीवर पायांना विसावा असा नाहीच.

खेळ नसेल तेव्हाही दळणाला, मंडईला तीच सायकल. एकदा शेजारच्या चिमणाबाईचा नवरा ती सायकल मागून घेऊन दूध आणायला गेला. उताराला लागल्यावर सवयीने पाय थांबवले, आणि सायकलीने त्याला किटलीसकट गटारात फेकलं.

"काय जनावर पाळलंय का वो तुम्ही?" चिमणाबाई दारात येऊन भांडली.

"जनावर बरं," लंकाबाई म्हणाली, "ते बसतं तरी."

खरंच, केरूचं बसणं तिने पाहिलंच नव्हतं. जेवायला बसला तरी मांडीखाली पंजा हलत असायचा. झोपेत टाचा अंथरुणाला घासायच्या. अंबड गावातली ती एक खोली आणि तिच्यात हे न थांबणारे पाय. लंकाबाईचाही जीव मग सारखा उंबऱ्यावर उभा.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात अंबडला कामगारांच्या वस्तीजवळच्या मैदानात खेळ ठरला. त्याच्या आदल्या वर्षी देवळाली कॅम्पात केरूचा बधिर झालेला पाय पायडलवरून घसरला होता आणि अंगठा मातीला टेकला होता. फक्त अंगठा! पण लोकांनी हुर्यो केली, एकाने खेळाची पाटी उखडली. तो अंगठा केरूच्या डोक्यातून गेला नव्हता.

या वेळी त्याने युक्ती काढली. खेळाच्या शेवटच्या दिवशी, झुंजूमुंजू असताना, बांबूला टेकून तो म्हणाला, "लंके, तुझं जुनं लुगडं फाड. पाय पायडलला बांध. वरनं पट्ट्या गुंडाळ, म्हणजे दुखापत हाय असं वाटंल."

"आन पडलात मंग? पाय मोडून हातात येतील."

"पडत नसतो मी. आन ऐक, खेळ उतरवायला कंपनीचे साहेब येणार हायेत. त्यांनी हँडल धरायचं, नारळ फोडायचा, मंग मी खाली. त्याआधी तू मला उतरवलंस, तर माझं नाव तुझ्या हातानं बुडालं असं समज."

तिने चिंध्या बांधल्या. गाठी तिने करकचून आवळल्या. त्याला ते कळलं नाही. पिंढऱ्यांना स्पर्शच कळत नव्हता.

साहेब दुपारी येणार होते. ऊन कलायला लागलं तरी साहेब नाहीत. कर्ण्यावर वाल्मीक होता. खेळाची पुकार करणारा, केरूचा जुना सोबती, आवाज असा की बंद नाट्यगृहाची दारं आपोआप उघडावीत.

"मायबाप हो! साहेब निघालेले आहेत! द्वारका चौकापर्यंत पोचलेले आहेत!"

टाळ्या. केरू फिरतोय.

थोड्या वेळाने, "साहेब मुंबई नाक्याला आलेले आहेत!"

पुन्हा टाळ्या. थोड्या कमी. मग बराच वेळ गाणी, आणि मग वाल्मीक पुन्हा म्हणाला, "साहेब द्वारकेवरून निघालेले आहेत!"

"अरे वाल्मीक, मगाशी नाक्याला होते ना?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "उलटी सायकल चालवतात का काय साहेब?"

मैदान हसलं. लंकाबाई हसली नाही. ती पाण्याचा तांब्या घेऊन केरूच्या बाजूने धावली आणि तांब्या पुढे केला. इतक्या वर्षांत तांब्या पुढे आला आणि केरूचा हात आला नाही, असं झालं नव्हतं. आज हात आला नाही. डोळे उघडे होते, तिच्यावरून गेले, पण तिच्यावर थांबले नाहीत.

ती जागीच उभी राहिली आणि त्याच्या पायांकडे बघू लागली. मैदान नाल्याच्या बाजूला किंचित उतरतं होतं. उतारावर गुडघे वरखाली होत होते, पण पिंढरी ताठ होत नव्हती. पिशवीसारखी लोंबत होती. पाय सायकलीला चालवत नव्हते, सायकल पायांना फिरवत होती. चढाला तो नुसतं अंग पुढे झोकत होता, आणि वरच्या टोकाला पुढचं चाक लडखडत होतं. लोकांना वाटत होतं, हीसुद्धा गंमतच आहे. टाळ्या पडत होत्या.

ती वाल्मीककडे धावली. "वाल्मीकभावजी, साहेब कुठं हायेत? खरं सांगा."

वाल्मीकने माईकवर पंजा ठेवला. "मला काय ठाव, वैनी? सकाळपास्नं निरोपच नाय. मी आपला मनानंच त्यांना फिरवतोय."

"मंग धरा हँडल. तुम्ही धरा."

"मी? केरू मला जित्ता ठेवायचा नाय. त्यानं शपथ घातलीया."

शपथ तिलाही होतीच. नाव बुडेल, तो म्हणाला होता. हा माणूस अन्नावर जगत नव्हता, नावावर जगत होता, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? केरू वरच्या टोकाला आला. चाक या वेळी नुसतं लडखडलं नाही, आडवं झालं, सावरलं, आणि सायकल पुन्हा उताराला लागली.

लंकाबाईने तांब्या टाकला.

फक्कीची रेघ ओलांडून ती आत शिरली. हँडलला तिने हात लावला नाही; तो मान साहेबांचा. तिने मागून कॅरियर धरला, टाचा मातीत रोवल्या आणि सगळं अंग मागे टाकलं. सायकलीने तिला फरफटत नेलं. पायातली चप्पल तुटली, कोपर खरचटलं, पण तिने सोडलं नाही. मधल्या बांबूपाशी चाक थांबलं. केरू बांबूवर कलंडला आणि तसाच टेकून राहिला.

मग गाठी. त्या दातांनी सोडवाव्या लागल्या. पट्ट्या सुटल्या, खालून लुगड्याच्या हिरव्या चिंध्या बाहेर आल्या, आणि पुढच्या रांगेतल्या एकाने आरोळी ठोकली, "आयला, पाय बांधले होते व्हय! फसवलं की!"

हुर्यो सुरू झाली. देवळालीसारखीच. केरूने ती ऐकली आणि डोळे मिटून घेतले.

लंकाबाई उठली. वाल्मीकच्या हातातला माईक तिने ओढून घेतला. कर्णा किंचाळला.

"बांधले होते!" ती म्हणाली. "म्या बांधले. माझ्याच लुगड्यानं. कोणाला बांधून बसायचं असंल तर या. सायकल रिकामी हाय, चिंध्या बी हायेत. या ना!"

कोणी आलं नाही. शिट्टी वाजवणाऱ्याने बोटं तोंडातून काढली. मग कंपनीच्या निळ्या कपड्यांतले दोघे पुढे झाले आणि त्यांनी केरूला हातांच्या झोळीत उचललं. नारळ तसाच पडला होता. तो तिने पायडलवर आपटून फोडला. साहेब त्या दिवशी आले की नाही, हे आजही कोणाला नक्की सांगता येत नाही.

पाय वाचले. पण केरू तिच्याशी बोलेना. पाणी मागायचं तर भिंतीला सांगायचा. बरा झाल्यावर अंबडमधल्या एका कारखान्याच्या फाटकावर त्याला वॉचमनचं काम मिळालं. खुर्ची होती, आणि खुर्चीखाली पाय हलत होते. कामावर जायला तीच सायकल.

एके दिवशी तो रात्रपाळीची झोप काढत असताना लंकाबाई सायकल हाताने ढकलत दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. "हे मागच्या चाकाचं जाम केल्यालं काढा," ती म्हणाली, "आन साधं बसवा. लोकांसारखं."

त्याला तिने सांगितलं नाही. संध्याकाळी, "मला पाथर्डी फाट्याला सोडा," म्हणून कॅरियरवर बसली. केरू निघाला. पाय आपले फिरत होते, त्यामुळे त्याला काही कळलं नाही. फाट्याकडचा उतार आला.

"आता पाय थांबवा," ती मागून म्हणाली.

"येडी का?" किती महिन्यांनी तो थेट तिच्याशी बोलत होता. "फेकून दील दोघांना."

"नाय फेकत. थांबवा."

"लंके, काय केलंस तू?"

"थांबवा म्हणते ना!"

त्याने पाय थांबवले. खांदे वर आले, मान आत गेली, पडायच्या तयारीत. सायकलीने काही फेकलं नाही. मागच्या चाकातून बारीक कर्रकर्र आवाज सुरू झाला. केरू दचकला. "काय तुटलं?"

"काय नाय तुटलं. ती एकटी चालली हाय."

लंकाबाईने डोळे मिटून तो आवाज ऐकला. वारा कानाला लागत होता आणि तिच्या पुढ्यात तिचा नवरा, पाय जागच्या जागी ठेवून, बसला होता. मग आवाज तुटला. केरूचे पाय पुन्हा फिरायला लागले होते, उगाच, उताराला गरज नसताना. थोड्या वेळाने आवाज पुन्हा आला. पुन्हा तुटला. फाटा येईपर्यंत ती एवढंच ऐकत होती.