अर्नेस्टीनबाईंचं कोंबडीपुराण

अर्नेस्टीन टॉलिव्हरला कुणी गरीब म्हटलं तर चालायचं, म्हातारी म्हटलं तरी ती एकवेळ ऐकून घ्यायची. पण तिच्या घरात कुणी उपाशी राहिलं असं म्हणायची अख्ख्या बर्मिंगहॅममध्ये कुणाची छाती नव्हती. सारी हयात तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. नवरा लवकरच पळाला. एकुलत्या लामॉन्टला तिनं एकटीनं वाढवलं, आणि असं वाढवलं की चर्चच्या गायनात घालायचा त्याचा झगा दरवर्षी उसवून मोठा करावा लागे.

तोच लामॉन्ट आता गॉस्पेलमधला, म्हणजे चर्चच्या भक्तिगीतांमधला, बडा गायक झाला होता आणि लाइव्ह अल्बम रेकॉर्ड करायला आपल्या जुन्या माउंट नेबो चर्चमध्ये आला होता. पहिल्या बाकावर जांभळी हॅट घालून अर्नेस्टीन बसली. हॅट एवढी दांडगी की मागच्या तिघींना नुसत्या आवाजावर समाधान मानावं लागलं.

अशा अल्बमात गाण्याआधी साक्ष द्यावी लागते: देवानं मला कुठल्या खड्ड्यातून वर काढलं, वगैरे. खड्डा खोल असला की अल्बम बरा खपतो. लामॉन्टनं डोळे मिटले. "आमच्या घरात फार काही नसायचं," तो म्हणाला. अर्नेस्टीननं मान डोलावली. खरंच होतं ते. पण कुठलीशी वायर सैल निघाली, पुन्हा घ्यावं लागलं. दुसऱ्या खेपेला त्याच्या साक्षीत घरातली वीजही गेली. तेही एका हिवाळ्यापुरतं खरं होतं. मग ड्रमवाल्याच्या हातून काठी निसटली, आणि तिसऱ्या खेपेला लामॉन्ट रिकाम्या पातेल्याशेजारी रडत उपाशी झोपला.

अर्नेस्टीन ताडकन उठली.

"उपाशी? माझ्या घरात?"

"बोला, मदर, बोला!" मागून आवाज आला. पहिल्या बाकावरची बाई हात उगारून उभी राहिली की तिच्यात पवित्र आत्मा संचारला, असंच इथं धरून चालतात. ऑर्गनवाल्या रूफसनं लगेच तिच्या आवाजाखाली सूर धरला.

"दर रविवारी कोंबडी तळत होते मी!"

"आमेन!" सूर चढला.

"डुकराचे चॉप! वर ग्रेव्ही!"

"हालेलुया!"

"रूफस, गप बस रे, मी भांडतेय!"

रूफसला वाटलं, आता खरा रंग चढतोय. ड्रमवालाही घुसला. दोन बायका बाकांमधल्या वाटेत नाचायला लागल्या. अंगात आलेल्यांना सावरायला ठेवलेली चर्चची पांढऱ्या गणवेशातली नर्स पंखा घेऊन अर्नेस्टीनला वारा घालायला धावली, तर तिनं तो हिसकावून मुलावर रोखला.

"वीज तोडली होती, कबूल! पण मेणबत्तीसुद्धा लावली नाही मी. अंधारात वाढलं तुला. का? सांग ना लोकांना, का!"

लामॉन्टला ठाऊक नव्हतं.

"माझं ताट रिकामं होतं ते तुला दिसू नये म्हणून, गाढवा! दोनदा मागून घेतलंस तू! आणि वर उपाशी म्हणतोस?"

बोलून गेली आणि मग तिला कळलं, आपण काय बोललो ते. इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट माईकच्या जंगलात सांगून झाली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मटकन बसली. रूफसचे हात थांबले. लामॉन्टनं माईक खाली ठेवला, तेव्हा साक्षीनंतरचं गाणं चर्चमधल्या लोकांनीच म्हटलं.

अल्बममधून लामॉन्टनं आपली साक्ष कापली. आईची तेवढी पूर्ण ठेवली. लोक गाडीत ती मोठ्यानं लावतात आणि चॉप आले की हात वर करतात. अर्नेस्टीनची तक्रार एवढीच, की पालेभाजी सांगायची राहून गेली.

रेकॉर्डिंगनंतरच्या रविवारी लामॉन्ट तिच्याकडे जेवायला आला होता. भरदुपारी त्यानं स्वयंपाकघरातले सगळे दिवे लावले, आधी तिचं ताट वाढलं आणि समोर बसून राहिला.

"बघतोस काय?"

"तू आधी जेव, आई."

"नाटकं पुरे. इथं माईक नाही."

तो हलेना. शेवटी तिनं तंगडी उचलली, मोठा घास घेतला, चावून गिळला आणि लहान पोरानं दाखवावं तसं तोंड उघडून त्याला दाखवलं.

"दिसलं? जेव आता."