दोन महिन्यांचा सुंभ

आमच्या दादाची होडी मी बुडवली. वादळ नव्हते, उधाण नव्हते, दर्यावर भर दुपारचे ऊन होते. होडी बुडाली ती माझ्या पत्रकामुळे.

हे आधीच कबूल करून टाकतो, कारण हल्ली गावोगावचे तरुण 'धंदा काढायचाय' म्हणून माझ्याकडे सल्ला मागायला येतात. (सल्लागार निवडायची अक्कल लोकांना नसते, हे मी निवडणुकीतही पाहिले आहे.)

मी मुंबईत तीन वर्षे एका कामगार संघटनेच्या कचेरीत पत्रके लिहीत होतो. पत्रकाची एक खोड वाईट. त्यात क्रांती नेहमी येत्या रविवारी असते! वर 'उठा!', खाली 'विजय आपलाच!' आणि मधे चौदा ओळी. जग चौदा ओळींत बदलते अशी माझी खात्री झाली, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत मी ती खात्री घेऊन गावी आलो. येतो तो दारात सोडणांचा ढीग.

सोडण म्हणजे नारळ सोलल्यावर निघणारे जाड साल. आम्ही ते चुलीत घालतो. तेच खाडीच्या चिखलात पुरून कुजवले आणि कुटले की काथ्या निघतो, काथ्या वळला की सुंभ. आमची आते, म्हणजे वडिलांची विधवा बहीण, जन्मभर मांडीवर सुंभ वळत आलेली. दादाच्या होडीच्या नांगराचा दोर तिनेच वळला होता, सात वर्षांपूर्वी. आणि त्या होडीवर आमचे घर चालत होते. माझे मुंबईचे भाडेसुद्धा!

मी त्याच दिवशी पत्रक लिहिले: 'मालवणी तरुणा, तुझा कारखाना चुलीत जळतो आहे!' खाली वचन: संक्रांतीला पहिला माल बाजारात. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आठ तरुण घेऊन मी खाडीत सोडणे पुरली, वर दगड ठेवले. काठावर आते उभी.

"कधी काडतलंस?"

"संक्रांतीक."

"कोणाच्या संक्रांतीक? मेल्या, सोडणां धा म्हयने कुजाक होयी."

"आते, तां जुन्या लोकांचा. आता धा म्हयने कोणाक वेळ आसा?"

"खाडयेक आसा."

मी भांडवलदारांच्या कारस्थानाबद्दल दोन वाक्ये बोललो. आतेने ती ऐकून घेतली आणि म्हणाली, "आवशीच्या पोटात नऊ म्हयने गप ऱ्हवलंस मां? तेवा पत्रक काडूक नाय तां?"

आठही तरुण हसले. मी ठरवले, आता तर संक्रांतच!

संक्रांतीच्या आठवडाभर आधी चिखल उपसला. निम्मा उपसून होईतो आम्हीच अर्धमेले झालो, म्हणून निम्मी सोडणे तशीच खाली राहिली. जी वर आली त्यांच्या वासाने अख्खी वाडी नाकाला पदर लावून बसली. वाटेने जाणाऱ्या एकाने घाबरून विचारले, "कोण गेलो काय रे?"

"कोण जावक नाय," शेजारचा ओरडला, "कारखानो इलो!"

कुटायला बसलो तर काथ्या सालाला सोडेना. चार दिवस लाकडी मोगऱ्या घातल्या, हाताला फोड आले, तेव्हा कुठे राठ, तुटके, ओले धागे निघाले. आतेने एक धागा दोन बोटांत धरून पाहिला. "ह्येका अजून नारळाची याद येता," म्हणाली, आणि वळायला साफ नकार दिला. मग दोर मीच वळला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझ्या दोरात पीळ तेवढा होता, सुंभ नव्हताच.

पण पत्रकात तारीख छापली होती! छापील तारीख पुढे ढकलणे म्हणजे चळवळीचा पराभव. उद्घाटन ठरले, पाहुणे म्हणून निवृत्त हेडमास्तर आले. आणि ऐन वेळी लक्षात आले की कापायला फीत नाही. कोणी म्हणाले, बाजारातून आणू या रेशमी. "रेशीम?" मी कडाडलो, "कष्टकऱ्यांच्या कारखान्याला रेशीम?" आणि माझी नजर दादाकडे गेली. तो नांगराचा दोर खांद्यावर टाकून किनाऱ्यावरून नुकताच वर आला होता.

"दादा, पयलो नवो दोर तुझ्या होडयेक!"

"माझो बरो आसा रे."

"म्हणानच तो कापूचो!"

दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर त्याने मला शिकवले, आणि शिकलेला भाऊ बोलतो ते बरोबरच असणार असा त्याचा भोळा समज. शिवाय सगळी वाडी जमलेली. चारचौघांत धाकट्या भावाला नाही कसे म्हणायचे? त्याने दोर खांद्यावरून उतरवला.

आम्ही तो दोन माडांना बांधला. हेडमास्तरांनी कात्री लावली. कात्री अडकली. मी कोयता मागवला. "जुन्याची बंधने तोडा!" मी ओरडलो, हेडमास्तरांनी घाव घातला. दोर तुटेना. दुसरा घाव. तुटेना! तिसऱ्याला तुटला. टाळ्या पडल्या. सात वर्षे खारे पाणी प्यायलेला दोर तोडायला तीन घाव लागतात, यात काही शिकण्यासारखे आहे हे त्या गर्दीत दोघांनाच कळले. आते उठून घरात गेली. दादा प्रत्येक घावाला डोळे मिटत होता.

नवा दोर मी हाराप्रमाणे त्याच्या गळ्यात घातला.

आठवडाभर तो टिकला. नवव्या दिवशी दादा होडी नांगरून पेज जेवायला घरी आला, आणि मी पडवीत 'पहिल्या आठवड्याचे घवघवीत यश' या नुकत्याच छापून आलेल्या पत्रकांवर पत्ते लिहीत बसलो. दुपारचा वारा सुटला. रोज सुटतो तोच. किनाऱ्यावरून हाक आली, "होडी सुटली रे, होडी!"

दादा उष्ट्या हातानेच धावला. मीही धावलो. (लेखणी माझ्या हातातच होती, हे मला कोणीतरी नंतर सांगितले.) होडी अगदी निवांत निघाली होती, पाहुणी निघावी तशी, सरळ खडकांकडे. दादाने पाण्यात उडी टाकली, पण ती आधी पोचली. एक आवाज झाला. दुसऱ्या लाटेला दुसरा. तिसऱ्याला फक्त फळ्या.

दादा एक फळी घेऊन परत आला. मी पाठ केल्यासारखा बोलू लागलो, "दादा, सुरुवातीक असा जाताच, तुटता, पण पुढच्या खेपेक..."

"तुझो तुटलो तां सोड," तो म्हणाला. "माझो कित्याक कापलंस?"

त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही. काढला असता तर बरे झाले असते. दुसऱ्या आठवड्यापासून तो दुसऱ्यांच्या रापणीवर जाळे ओढायला जाऊ लागला. स्वतःच्या होडीचा धनी, आणि आता किनाऱ्यावर रांगेत उभा राहून परक्याचा दोर ओढायचा! पुन्हा होडी त्याला करता आली नाही. मी मुंबईला परत जाऊन पैसे पाठवतो म्हटले, तर म्हणाला, "ऱ्हव. आते म्हातारी झाली."

गणपती झाल्यावर आते एकटी खाडीत उतरली आणि आम्ही निम्म्यावर सोडून दिलेली सोडणे तिने काढली. धा म्हयने भरले होते. साल हाताने सुटत होते, काथ्या सोन्यासारखा. तिने मोजून नांगराचा दोर वळला आणि पडवीच्या वाशाला टांगून ठेवला. अजून तिथेच आहे. दादा येता-जाता त्याला डोके लागू नये म्हणून वाकतो.

परवा एक तरुण आला. काजूचा कारखाना काढणार, पावसाआधी मुंबईत शाखा! पत्रक लिहून द्या म्हणाला. मी चिडलो. झाडे कुठे आहेत? लावली, म्हणाला, गेल्या जूनमध्ये. मी त्याला वाशाचा दोर दाखवला आणि सगळी हकीकत सांगितली. त्याने सहानुभूतीने ऐकली. मग विचारले, "पण तुमच्या सुंभाचा पुढे काहीच उपयोग झाला नाही?"

झाला. 'घवघवीत यशा'ची दोन हजार पत्रके आधीच छापखान्यातून येऊन पडली होती. त्यांचे गठ्ठे मी उरलेल्या सुंभाने बांधून माळ्यावर टाकले आहेत. इतक्या वर्षांत एकही गाठ तुटलेली नाही. ती पत्रके अजून कोणी ओढून पाहिलेली नाहीत, एवढेच.