दोन किल्ल्यांची तिजोरी आणायला लासूरकडं

संभाजीनगरात माझं जुन्या लोखंडी सामानाचं दुकान आहे. लासूर स्टेशनच्या पुढं एका खेड्यातली छोटी सहकारी बँक नव्या इमारतीत हलणार होती, तिथली जुनी तिजोरी काढायची म्हणून मॅनेजरचा फोन आला. माझ्या पहिल्या हातगाडीचं कर्ज याच बँकेचं. मन म्हणालं, दर्शन घेऊन ये. धंदा म्हणाला, टेम्पो घेऊन जा. टेम्पो घेऊन गेलो.

वैजापूर रस्त्याला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, नाहीतर कांद्याच्या ट्रॅक्टरांमागं रांगत जावं लागतं. लासूर स्टेशनला गरम भजी आणि तळलेली मिरची खाल्ली. पोटभर खाल्लं तरी शंभराच्या नोटेतून पैसे उरतात.

मॅनेजर तरुण, बोलका. "पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला, त्यानंतर ही बँक निघाली," तो सांगू लागला. "कुणाकडं निजामाचा हाली रुपया, कुणाकडं इंग्रजी कलदार, आणि कुणाचा कुणावर भरवसा नाय. म्हणून दोन कुलपांची तिजोरी आणली. एक किल्ली पटेलांच्या घरात, दुसरी जाधवांच्या. दोघं आल्याशिवाय बँक उघडत नाय."

म्हणजे अविश्वासाच्या भांडवलावर बँक चांगली चालली.

आता किल्ल्या इनायत पटेल आणि कडूबा जाधव या दोन म्हाताऱ्यांकडं. इनायतभाईंच्या स्वतःच्या लग्नात कडूबांना दुसऱ्या पंगतीला बसवलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. दहाला कडूबा आले, जरा वेळानं इनायतभाई. कडूबांनी किल्ली लावली.

"तिजोरीबाई, आज कुणाला तरी उशीर झाला."

इनायतभाईंनी दुसरी लावली. "तिजोरीबाई, त्यांना सांग, गुडघा लई दुखतो."

"निरगुडीचा पाला बांधावा म्हणावं."

मॅनेजर माझ्या कानाशी लागला. "रोज असंच. आता ही गेली की दोघं घरीच बसतील, मला तीच धास्ती हाय."

मी घासाघीस करून भाव ठरवला. किल्ल्या घेतल्या. हमाल तिजोरी चढवू लागले तसे दोघं बाहेरच्या बाकावर दोन टोकांना बसले आणि मी मधे सापडलो.

"पाहुणं, यांच्या कांद्याला काय भाव भेटला, इचारा."

"पाहुणं, सांगा, त्यांच्यापेक्षा बरा भेटला."

निरोप पोचवता पोचवता माझा चहा गार झाला. तिजोरी चढली, मी उठलो. धंद्यात एक कळतं, दलालानं वेळेवर बाजूला व्हावं. टेम्पोत बसलो, पण कान बाकाकडंच. मग कडूबा म्हणाले, "ह्यो तर गेला."

"व्हय."

"तिजोरी लई स्वस्तात नेली त्यानं."

"लई. सुरतीवरूनच चालू माणूस."

"मी तर आला तवाच वळखलं."

ड्रायव्हरला म्हटलं, हळू काढ.

घरी येऊन हिशेब केला. टेम्पोभाडं आणि हमाली धरली तर सौदा बराबरीतच सुटला, आणि वर मी एका गावात लबाड ठरलो. आठवड्यानं मॅनेजरला फोन लावला. दोघं येतात का?

"दहाला हजर, साहेब. बाकावर शेजारी बसतात. विषय तुमचाच."

मला जरा लागलं. म्हटलं, थोडा भाव वाढवून पाठवतो.

"नका हो साहेब," तो घाईनं म्हणाला. "मग बोलतील काय?"